कुटुंबप्रमुखाशी नातं

नेलिदा कोन्दार्कोला उलटी अक्षरं वाचता यायची. सत्तावीस वर्षं ती शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत होती. बाकापुढे उभं राहून मुलांच्या वह्या वरूनच वाचायची डोळ्यांना इतकी सवय झाली होती, की सरळ काय नि उलटं काय, तिला सारखंच. म्हणूनच आईचं ओळखपत्र शोधून ती आतल्या खोलीतून बाहेर आली, तेव्हा खानेसुमारीवाल्या बाईच्या पुढ्यातला कागद तिला लांबूनच वाचता आला. व्यक्ती क्रमांक दोन. कुटुंबप्रमुखाशी नातं. पेन्सिलीची खूण 'आई किंवा वडील' या शब्दांपुढे नव्हती. ती बरीच खाली होती. 'घरकाम करणारी, घरातच राहणारी' या ओळीपुढे.

तिने ओळखपत्र टेबलावर ठेवलं. बाईने नाव उतरवून घेतलं, सातुर्निना चोके, विधवा कोन्दोरी, आणि मान वर न करता विचारलं, "कोन्दोरीच ना? ई शेवटी?" "हो," नेलिदा म्हणाली. वरच्या ओळीत तिचं स्वतःचं आडनाव कोन्दार्को असं लिहिलेलं होतं. दोन ओळींमध्ये बोटभर जागा होती, आणि त्या जागेत ती काय वाटेल ते बोलू शकली असती. आई खुर्चीच्या कडेवर ताठ बसली होती. डाव्या डोळ्यावर मोतीबिंदूच्या ऑपरेशनची पट्टी, गोल हॅट मांडीवर, पोयेराच्या, त्या जाड घेरदार घागऱ्याच्या, खालून पायांची फक्त टोकं दिसत होती. लिहिता-वाचता येतं का, या प्रश्नाला ती म्हणाली, आकडे येतात. लहानपणी कुठली भाषा शिकलात? आयमारा. बोलिव्हियाची नागरिक म्हणून कुठल्या मूळनिवासी लोकांपैकी आहात? "आयमाराच. ह्या वयात आता आणखी काय होणार?" बाई हसली, आईही हसली. हाच प्रश्न दहा मिनिटांपूर्वी नेलिदालाही विचारला होता. तेव्हा ती 'नाही' म्हणाली होती. कॉफीत साखर हवी का विचारल्यावर म्हणतात तितक्या पटकन. मग बाईने कागद पिशवीत सरकवले, दाराला 'मोजणी झाली' अशी चिठ्ठी चिकटवली आणि जिना उतरून गेली.

त्या दिवशी शहराला जणू कुलूप लावलं होतं. देश मोजला जाणार म्हणून माणसांनी आपापल्या घरात बसायचं, दुकानं बंद, रस्त्यावर एक चाक फिरायला नको. चौथ्या मजल्याच्या खिडकीतून नेलिदाला मिराफ्लोरेसचा अख्खा चढ रिकामा दिसत होता. मिनीबसच्या दारात लटकून थांब्यांची नावं ओरडणारे आवाज नव्हते. ते नसले की कान दुखतात हे तिला आज कळत होतं. कुत्री रस्त्याच्या मधोमध पाय पसरून झोपली होती. ऊन झणझणीत, सावलीत गेलं की मात्र हाडात थंडी. ती खिडकीशी गेली, स्वयंपाकघरात गेली, धुतलेले कप पुन्हा धुतले, ओट्यावर हात टेकून उभी राहिली. चूक त्या बाईची होती. हे तिने स्वतःला नीट, मुद्देसूद, वर्गात सांगावं तसं सांगितलं. पोयेरा नेसलेली, वेण्या घातलेली म्हातारी बघितली, आणि विचारायच्या आत खूण केली. ह्यालाच पूर्वग्रह म्हणतात, मुलांनो. आणि करणारी बाई तरी कोण? गळ्यातल्या कार्डावर मारुखा लिमाची असं नाव. लिमाची! आडनाव अस्सल आयमारा. तिच्या स्वतःच्या घरात पोयेरा नेसणारं कुणी नसेल? राग बरा वाटत होता. रागात ऊब होती, हातपाय पसरता येत होते. पण थोड्या वेळाने त्याच रागाच्या तळातून तो दुसरा प्रश्न वर यायचा, आणि तिला पुन्हा खिडकीशी जावं लागायचं. एवढंच म्हणायचं होतं, बाई, ती माझी आई आहे. किती वेळ लागला असता? खोकायला लागतो तेवढा.

वडील छापखान्यात रोमन अक्षरांचे खिळे जुळवायचे. बोटांची टोकं शिशाने कायमची काळी. नेलिदा नऊ वर्षांची असताना त्यांनी एका संध्याकाळी खिशातून खिळे काढून जेवणाच्या टेबलावर आडनाव जुळवलं. कोन्दोरी. मग शेवटचे तीन खिळे काढून चार नवे घातले. कोन्दार्को. "बघ," ते म्हणाले, "पहिली चार अक्षरं तशीच राहिली. घराचा पाया तोच, फक्त छप्पर बदललं." पुढच्या आठवड्यात वकिलाकडे जायचं ठरलं. नव्या, स्पॅनिश वाटणाऱ्या छपराखाली नेलिदाला नन्सच्या शाळेत प्रवेश मिळणार होता. आईने मात्र वकिलाकडे यायला साफ नकार दिला. ती तेव्हा वर पठारावर, एल आल्तोच्या बाजारात चुन्यो विकायची, माळावर थंडीत गोठवून, पायांनी तुडवून वाळवलेले काळे बटाटे. पोतं बांधता बांधता म्हणाली, "तुम्ही दोघं व्हा काय व्हायचं ते. मला बाजारात ह्याच नावानं हाक मारतात. दुसऱ्या नावानं मारली तर मी वळूनसुद्धा बघायची नाही." घरात त्यानंतर दोन आडनावं राहायला लागली. भाषा तर आधीपासूनच दोन होत्या. आईवडील पडद्यापलीकडे आयमारात बोलायचे, खालच्या आवाजात; नेलिदाने पडदा बाजूला केला की दोघं गप्प व्हायचे आणि मग आई स्पॅनिशमध्ये, एकेक शब्द निवडत, विचारायची, भूक लागली का. नेलिदाला ती भाषा येत नव्हती, पण तिचा आवाज येत होता. घशात खोलवर अडकून सुटणारी अक्षरं, मध्येच वडिलांचं हसू. लहानपणी तिला वाटायचं, पडद्यामागे ते दोघं काहीतरी गोड खातायत आणि आपल्याला देत नाहीत.

आणि तो शाळेसमोरचा रस्ता. तो तिने इतक्या वेळा मनात मोजला होता, की आता खरा किती रुंद होता हे सांगता आलं नसतं. आठ मीटर असावा, दहाही असेल. ती अकरा वर्षांची. डबा घरी विसरला होता, आणि आई तो घेऊन रस्त्याच्या पलीकडे उभी होती; अलीकडे यायची नाही, हे न सांगता ठरलेलं होतं. दारातली नन म्हणाली, "कोन्दार्को, तुमच्याकडची बाई आलीय बघ." नेलिदा म्हणाली, "हो, सिस्टर." रस्ता ओलांडला, डबा घेतला, परत आली. आईने तिच्या गळपट्ट्याची गाठ सरळ केली होती की नव्हती, हे तिला आठवत नसे. कधी केलेली आठवायची, कधी नाही. आवाज दहा मीटर जातो का? मध्ये एखादी बस गेली असेल तर? चाळीस वर्षं अधूनमधून ती त्या रस्त्यावरून एक बस नेत असे, मोठी, खडखडणारी, आणि थोडा वेळ तिला बरं वाटे. नंतर ती स्वतः शिक्षिका झाली. दर सोमवारी सकाळी झेंड्यापुढे उभं राहून राष्ट्रगीत म्हणून घ्यायची. आपण सगळे एक, असं सांगायची, आणि ते तिला मनापासून वाटायचं. मार्चमध्ये, युद्धात शेजारी देशाला गमावलेल्या समुद्राचा दिवस आला की फळ्यावर देशाचा जुना नकाशा काढायची, किनारा तुटक रेषेने. मुलं दरवर्षी विचारायची, बाई, मग तिथली माणसं आता कोण? तिथली माणसं, ती म्हणायची, तो वेगळा प्रश्न आहे.

"आई, मघाशी त्या बाईनं काय काय विचारलं?" तिने सहज विचारावं तसं विचारलं.

आई उन्हात बसून चुन्योची सालं काढत होती. तिने चांगला डोळा तिच्याकडे वळवला. "पुष्कळ विचारलं. पाणी नळाचं का, संडास कुठाय, मेलेली पोरं किती."

"आणखी?"

"आणखी काय. तू अशी फिरू नकोस बघू. एका डोळ्यानं बघताना घेरी येते मला."

नेलिदाने स्वेटर चढवला. खाली जाऊन येते म्हणाली. आज खाली जायचं नसतं, हे आईलाही ठाऊक होतं. पण तिने विचारलं नाही, आणि तिने न विचारणं हेही नेलिदाला टोचलं. जिन्यात प्रत्येक दारामागे माणसं होती, भांड्यांचे आवाज, रेडिओ, कुणाच्या तरी घरी वाटाणे परतल्याचा वास. दर मजल्यावर दारावर तीच चिठ्ठी. ती रस्त्यावर आली आणि रस्त्याच्या त्या उघड्या, उजेडी रिकामेपणात तिला एकदम नागडं असल्यासारखं वाटलं. पायात घरातल्या सपाता होत्या. कोपऱ्यावर पोलीस भिंतीच्या सावलीला पाव खात उभा होता.

"कुठं निघालात, बाई?"

"खानेसुमारीवाली कुठं गेली? आमच्या कागदात चूक झालीय."

"आज देश मोजतायत," पोलीस पाव चावत म्हणाला. "चुका उद्या."

"उद्या कागद गेलेला असेल."

"जाऊ दे की. मला तर अजून मोजलंच नाही. मी आहे का नाही, तेच कागदावर ठरायचंय, आणि तुम्ही चुकीचं काय घेऊन बसलात." पण तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने पावाचा हात पुढे करून पलीकडची इमारत दाखवली. "तिसरा दरवाजा. लवकर या परत. मी बघितलं नाही तुम्हाला."

मारुखा लिमाची तिथल्या जिन्याच्या पायरीवर बसून जेवत होती. उकडलेले मक्याचे दाणे, चीजचा तुकडा. पस्तिशीची असेल. तोंड भरलेलं असतानाच ती उठायला लागली, आणि नेलिदाने बसा म्हटलं, आणि स्वतः उभीच राहिली. चढ उतरून आल्याने तिला धाप लागली होती; जन्मभर याच उंचीवर, याच विरळ हवेत राहिलेल्या माणसाला धाप लागावी याचाही तिला राग आला.

"तुम्ही माझ्या आईला मोलकरीण लिहिलंत," ती म्हणाली.

मारुखाने घास गिळला. "कुणाला?"

"माझ्या आईला. डोळ्यावर पट्टी असलेली. न विचारताच लिहिलंत. पोयेरा बघितलात आणि लिहिलंत. एक साधा प्रश्न विचारायला हवा होता, बाई. निदान तुम्ही तरी."

'निदान तुम्ही तरी' हे तिने जिन्यातून येताना जुळवून ठेवलं होतं. ते बोलून झाल्यावर ओशाळवाणं वाटलं. मारुखाने दाण्यांची पिशवी सावकाश बांधली.

"मी विचारलं हो," ती म्हणाली. "तुम्ही आत कार्ड शोधायला गेलात ना, तेव्हाच विचारलं. आजी, तुम्ही या बाईंच्या कोण? म्हणाल्या, मी काम करते इथं. मी म्हटलं, राहता पण इथंच? म्हणाल्या, सध्या इथंच. आता कागदावर दुसरं काय लिहू मी?" मग अवघडून ती पुढे म्हणाली, "माझी आई वीस वर्षं अशाच एका घरात होती. स्वयंपाकघरामागच्या खोलीत. तुम्ही आजींना टेबलाशी खुर्चीत बसवलं होतंत, ते बघून मी मनात म्हटलं, चांगली माणसं दिसतायत."

नेलिदाने कठडा धरला. तिच्या डोक्यातून फक्त एक बस गेली, रिकामी, कुठलाच आवाज न करता, आणि रस्ता तिच्यामागे तसाच उघडा राहिला, आठ मीटर, दहा मीटर, आणि पलीकडे उभ्या माणसाला अलीकडचं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"बदलता येईल?" तिने विचारलं.

"पेन्सिल आहे. पण त्यांच्या तोंडून ऐकायला हवं. ज्याचं त्यानं सांगायचं, असं शिकवलंय आम्हाला." मारुखाने घड्याळ बघितलं, नेलिदाच्या सपातांकडे बघितलं. "चला. अजून सात घरं राहिलीत माझी."

दोघी चढ चढून आल्या. पोलिसाने मान फिरवली. चार मजले चढून दोघी आत आल्या. आई होती तिथेच होती. सालांचा ढीग वाढला होता.

"आजी," मारुखा म्हणाली, "या बाई म्हणतात, तुम्ही त्यांच्या आई."

आईने सुरी खाली ठेवली. "असं म्हणाली ही?"

"हो."

"तुला म्हणाली? बाहेर जाऊन?"

"जिन्यात येऊन सांगितलं मला."

"मग लिही," आई म्हणाली. "खोटं नाही ते."

"पण तू तसं का सांगितलंस?" नेलिदाचा आवाज वर चढला, वर्गातही असा चढत नसे. "मी आत होते एक मिनिट! एक मिनिट, आई! का सांगितलंस?"

"तू आत होतीस म्हणूनच. मला काय ठाऊक, तुला काय लिहून हवंय ते." आई चिडली नव्हती. बाजारात भाव सांगावा तशी बोलत होती, आणि तेच ऐकवत नव्हतं. "मी आले त्या दिवशी जिन्यात खालची बाई म्हणाली नाही का, नवी कामवाली मिळाली वाटतं. तू किल्ली शोधत होतीस. हसलीस. मी म्हटलं, असेल, इथं तसंच सांगत असतील. तीन आठवड्यांचा तर प्रश्न. पट्टी निघाली की मी चालले वर, माझ्या घरी."

नेलिदाला ते हसू आठवत नव्हतं. मग आठवलं. किल्ली पिशवीच्या अस्तरात अडकली होती, हात भरलेले होते, आणि तोंडाने आपलं आपणच काहीतरी करून टाकलं होतं. एवढ्याशा गोष्टीचा कुणी हिशोब ठेवतं का, असं तिला ओरडून विचारावंसं वाटलं, पण आईने हिशोब ठेवलाच नव्हता. तिने फक्त लक्षात घेऊन त्याप्रमाणे केलं होतं, जसं जन्मभर करत आली होती. मारुखा खाली मान घालून रबराने खूण खोडत होती. कागद हलका होता, चुरगळत होता. तिने तो डाव्या हाताच्या बोटांनी ताणून धरला. खोडलेल्या जागी करडा डाग राहिला. वर, 'आई किंवा वडील' पुढे, तिने नवी खूण केली.

"माझंही बदला," नेलिदा म्हणाली. एकदा रबर बाहेर निघाल्यावर तिला थांबता येईना. "लहानपणी कुठली भाषा शिकलात, तिथं. स्पॅनिश लिहिलंय ना? आयमारा लिहा."

"खोटं नको लिहूस गं," आई मारुखाला म्हणाली.

"आई—"

"येते तुला? काही म्हण बघू. भूक लागली, म्हण." आई थांबली. नेलिदाने तोंड उघडलं. घशात खोल काहीतरी हललं, पण तो शब्द नव्हता, नुसता आवाज होता. "नाही येत. मी शिकवलीच नाही तुला. विसरले म्हणून नाही, ठरवून. तू आलीस की तुझा बाप आणि मी गप्प बसायचो. सोपं वाटलं का ते? नवराबायकोला आपल्या घरात आपल्या भाषेत धड भांडता येत नव्हतं. मी स्पॅनिशमध्ये भांडायला लागले की तो हसायचा, आणि भांडणच संपायचं. तुझा बाप जाईपर्यंत तसं काढलं आम्ही. बरोबर केलं का चूक, मला सांगता यायचं नाही. पण केलंय. ते खोडायचं नाही."

मारुखाची पेन्सिल हवेतच होती. "मग भाषा राहू दे तशीच," ती हळूच म्हणाली. "आणि तो दुसरा प्रश्न? कुठल्या लोकांपैकी?"

"ते तिचं ती सांगेल," आई म्हणाली, आणि पुन्हा सुरी उचलली. "तिथं मला विचारू नकोस."

फळ्याशेजारच्या नकाशावर काठी ठेवून नेलिदाने 'आयमारा' हा शब्द हजारदा उच्चारला होता. इथं आयमारा राहतात, इथं केचुआ, इथं खाली ग्वारानी. राहतात, पेरतात, विणतात. काठी नकाशावर फिरायची आणि ती स्वतः नकाशाबाहेर उभी असायची, हातात खडू. आता तिला वाटलं, दोन तासांपूर्वी आपण नाही म्हणालो आणि आता हो म्हणायचं, ही काय बदलायची वस्तू आहे? लाज वाटली म्हणून हो म्हणतोय का? आणि मघाशी नाही म्हणालो ते तरी कशाने? भाषा नाही, नाव नाही, पोयेरा नाही. आहे काय आपल्याकडे? पडद्यामागचा आवाज आहे. तो कागदावर कुठल्या रकान्यात बसतो? मारुखा वाट बघत होती, पण घाई करत नव्हती, आणि आईची सुरी एका लयीत चालू होती, जणू उत्तराशी तिचा काही संबंध नव्हता.

"हो," नेलिदा म्हणाली.

"कुठले लोक?"

"आयमारा." तिचा उच्चार फार शुद्ध, फार शाळेतला आला. मारुखाने लिहिलं. आईने वर बघितलं नाही. नेलिदाला वाटलं होतं, काहीतरी सुटल्यासारखं वाटेल. तसं काही सुटलं नाही.

मारुखा कागद गोळा करायला लागली, तशी आई तिला आयमारात काहीतरी म्हणाली. मारुखाने थबकून उत्तर दिलं. आईने पुन्हा विचारलं, या वेळी लांबलचक, हाताने दूर कुठेतरी पठाराकडे दाखवत. मारुखा पिशवी खांद्याला लावून दारात टेकली, आणि दोघी बोलू लागल्या. आईचा आवाज बदलला. तो खाली, रुंद झाला, त्यात थट्टा आली, दम आला. स्पॅनिशमध्ये ती कायम पाहुण्यासारखी बोलायची हे नेलिदाला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ऐकू आलं. मारुखा हसली, तोंडावर हात ठेवून. आईही हसली. मग दोघींनी एकदम मान हलवली, खेदाने. नेलिदा मध्ये उभी होती, एकीकडून दुसरीकडे बघत. आपल्याबद्दल बोलतायत. बघ कशी निघाली, सपातांवर धावत आली, आता हो म्हणते. एवढ्याशा घरात ती कुठे उभी राहिली असती म्हणजे मध्ये आली नसती?

"काय म्हणते ती?" तिने शेवटी मारुखाला विचारलं. "माझ्याबद्दल काय म्हणते?"

मारुखा गोंधळून आईकडे बघत राहिली. आई नाक उडवून म्हणाली, "तुझं काही नाही गं. सगळं तुझंच असतं का? ती आमच्या पलीकडच्या गावची निघाली. बटाट्याचं बोलत होतो."

मारुखा घड्याळ बघून दचकली, आजींचा हात हातात घेऊन कपाळाला लावला आणि जिना उतरून गेली. तिची पावलं पार खालपर्यंत ऐकू येत होती, इतकं शहर गप्प होतं.

"बटाट्याचं काय?" नेलिदाने विचारलं.

आईने तिच्याकडे बघितलं. उघड्या डोळ्यात पाणी होतं; पण ऑपरेशननंतर ते दिवसभरच यायचं. तिने एक चुन्यो उचलला, नेलिदाच्या तळहातावर ठेवला, त्याच्यावर बोट टेकवलं आणि सांगायला लागली. सुरुवातीपासून, सावकाश, आयमारात. नेलिदाला एक शब्द कळला, पुढचे चार कळले नाहीत, मग कदाचित आणखी एक. तिने अर्थ विचारण्यासाठी तोंड उघडलं. आई थांबली नाही.